देवमाशाला मीठ किती लागतं

अकोला, ५ जानेवारी २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

तुमचा फोन ज्वारीच्या कोठीत झोपलाय असं मामीकडून कळलं, म्हणून हा कागद.

चांदूर रेल्वेच्या लग्नात वांग्याची भाजी कमी पडली, शेवटची पंगत नुसत्या वरणावर उठली, मान्य. देवानंदभाऊ मुलीचा बाप, चार शब्द बोलले असतील. पण चाळीस वर्षं दर्यापूर-मूर्तिजापूर पट्ट्यातली लग्नं जेवू घातलेला माणूस एका भाजीपायी झारा खुंटीला टांगतो? वर मामी म्हणते, मूर्तिजापूरचा मंडपवाला रोहित सोळा तारखेला टेम्पो आणणार आणि सगळे गंज, कढया, पराती घेऊन जाणार. लहानपणी लपंडावात मी ज्या गंजात लपायचे, तोसुद्धा?

जाऊ द्या, भांडायला लिहिलेलं नाही. काम आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीला शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. माझ्या सातवीच्या पोरांनी विषय घेतलाय, देवमासे काय खातात आणि कसं खातात. अकोल्यापासून समुद्र पाचशे-सहाशे किलोमीटर, त्यामुळे उत्साह भलताच. आता निळ्या देवमाशाचं तोंड दाखवायचं तर तुमच्या त्या मोठ्या गंजाशिवाय दुसरं काय शोभणार? तेवढा अठ्ठावीसपर्यंत विकू नका.

आणि एक धंद्यातला प्रश्न. हा प्राणी हंगामात दिवसाला चार टन तरी खातो, काही जण म्हणतात त्याच्या तिप्पट-चौपट. असा पाहुणा पंगतीला बसला तर अंदाज कसा धरायचा?

डबा नितेशकडे दिलाय. त्याची काळीपिवळी जीप रोज तुमच्या दारावरून जाते. आपल्या घरातून कुणाचा डबा रिकामा परत जात नाही, हे तुम्हीच शिकवलंय.

तुमची,
भावना

*

दर्यापूर, ८ जानेवारी

भावने,
जय भीम.

गंज भेटत नाई. इकला म्हंजे इकला. रोहितले जबान देल्ली हाये. तुले तोंडच दाखवायचं असन तं पाण्याची टाकी घे.

अन् थ्या चाळीस वर्षाचं मले सांगू नको. ज्यायनं नुसत्या वरणावर हात धुतले त्यायले माहे चाळीस वर्ष काय कामाचे? कोणी भेटलं का बिचाऱ्यासारखं पाह्यते माह्याकडं. म्हणून फोन कोठीत टाकला. तिथं थो सुखात हाये.

पण तू चार टन कायचे ते लिहिलंच नाई. मास्तरीण असून असा अर्धा हिशोब? चार टन म्हंजे चाळीस क्विंटल. माह्या सगळ्यात मोठ्या लग्नाले सव्वाशे किलो वांगे लागले होते, तईच भाजी चिरणाऱ्या बाया मले शिव्या देऊन राहिल्या होत्या. हा एकटा चाळीस क्विंटल खाते तं काय खाते? एका बैठकीत खाते का उठून-उठून? चावून खाते का गिळते? हे कळल्याबिगर अंदाज कसा सांगू, बाप्पा? आचारी हाव मी, ज्योतिषी नाई.

डबा रिकामा पाठवता येत नाई म्हणून वांग्याची भाजी ठेवली. कशी झाली थे सांगजो. मीठ बरोबर हाये का नाई, थे बी सांगजो.

रामराव

(कोपऱ्यात, बारक्या अक्षरात) बाई, दोन महिन्यांत पह्यल्यांदा त्यायनं चूल पेटवली. भाजीले काही नावं ठेवू नको. — मामी

*

अकोला, १० जानेवारी

आदरणीय मामा,

भाजी फस्त! तुमच्या नातवानं, ललितनं, तर डबा बोटानं पुसून खाल्ला. मीठ-तिखट अगदी मापात. तुमचा हात तो तुमचा हात.

आता पाहुण्याचं ऐका. हा नावाचा मासा. खरं म्हणजे पिलाला दूध पाजणारा, वर येऊन श्वास घेणारा प्राणी. निळ्या देवमाशाच्या तोंडात एकही दात नाही! वरच्या जबड्यातून आपल्या नखांच्या जातीच्या लांब पट्ट्या लोंबतात, आतून केसाळ झालर असलेल्या. तीच त्याची चाळणी. खाणं कोळंबीच्या जातीचं, क्रिल म्हणतात, एकेक आपल्या करंगळीएवढं. त्यांचा थवा दिसला की हा जोरात जातो, जबडा वासतो आणि थव्यासकट समुद्र तोंडात घेतो. हनुवटीपासून बेंबीपर्यंत कातडीला लुगड्याच्या निऱ्यांसारख्या घड्या असतात, त्या सुटतात. मग जिभेनं दाबून पाणी चाळणीतून बाहेर. जे आत उरलं ते गिळायचं. चावणं नाहीच.

दुसरा एक राइट व्हेल. त्याला घाईच नाही. तोंड उघडं ठेवून हळूहळू पोहतो, पाणी समोरून आत, बाजूनं बाहेर, खाणं झालरीत अडकतं.

आणि यातले बरेच जण हंगामात पोट भरून घेतात, मग प्रवासात आणि पिलं होताना महिनोन्‌महिने जवळजवळ उपाशी. आता सांगा अंदाज.

भावना

*

दर्यापूर, १३ जानेवारी

भावने,

पत्र तीनदा वाचलं. तुह्या मामीले, पंचफुलाले, बी वाचून दाखवलं. थे म्हणे निऱ्यांचं खरं असन, तुमच्या बहिणीकडच्या लग्नात तुमच्याच कमरेचा पट्टा तीनदा सैल झाला होता.

हा निळा मले ओळखीचा वाटते. अशे पाहुणे म्या लय पाह्यले. बोलत नाई, पत्रावळीकडं पाह्यत नाई, जे वाढलं थे एका घासात. त्याले वाढपी चार लागतीन अन् भांडं खोल लागन. त्याचा अंदाज सोपा हाये, कारण थो एकच पदार्थ खाते. खरी फजिती थो राइटवाला करन. सोयाबीनच्या वावरात हार्वेस्टर जाते तसा हा तोंड उघडून पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईन. तो उठल्याबिगर दुसरी पंगत बसवताच येत नाई.

उपाशी राह्यते हे लिहून तू माह्या जिवाले घोर लावला. पिल्लू होऊन राह्यलं अन् माय उपाशी? तिच्या माहेरचं कोणी नाई काय समुद्रात?

रोहितले सांगतलं का सोळाले येऊ नको, महिनाअखेरीले ये. तुरीचा हंगाम हाये, त्याचा टेम्पो मोकळा नसन म्हणून. तू उगाच खुश होऊ नको.

अजून कोणते हाये थे लिही. डब्यात सोल्यांची भाजी हाये, तुरीचे दाणे पंचफुलानं सोलले. मिठाचं सांगजो.

रामराव

*

अकोला, १७ जानेवारी

आदरणीय मामा,

सोल्यांची भाजी अप्रतिम! मीठ अगदी बरोबर. परत परत काय विचारता?

पुढचे पाहुणे. ग्रे व्हेल कुशीवर वळून समुद्राच्या तळाचा गाळ तोंडात ओढतो, चिखल बाहेर सोडतो, गाळातले बारके जीव ठेवून घेतो. भाजीच्या बादलीच्या तळाशी पळी खरवडून फोडी काढणारे पाहुणे असतात ना, तसा.

स्पर्म व्हेलला दात आहेत, पण तोही गिळतोच. खाणं माकूळ, म्हणजे स्क्विड. एक किलोमीटर खोल आणि त्याहूनही खाली जातो, तासभर श्वास रोखून. तिथं काळाकुट्ट अंधार, डोळ्यांचा उपयोग शून्य. तो टकटक आवाज करतो आणि परत येणाऱ्या आवाजावरून समजतो माकूळ कुठं आहे.

हंपबॅक माझा लाडका. हे कधी कधी मिळून जेवतात. एक जण मासळीच्या थव्याखाली गोल फिरत बुडबुडे सोडतो. मासळीला वाटतं भिंत आली. ती घाबरून मधोमध गोळा होते. मग सगळे जण जबडे वासून खालून वर! मासळीला शेवटपर्यंत कळत नाही की कुणी घेरलंय.

आणि एक गंमत. माझ्या वर्गातल्या करिश्मानं विचारलं, "मॅडम, देवमाशाला गोड आवडतं का तिखट?" मी शोधलं. मामा, देवमाशाला चवच नाही हो! गोड, आंबट, कडू कळायची सोय त्याच्या जातीतून केव्हाच गेली, फार तर खारट तेवढं कळत असावं. दातवाल्यांना वाससुद्धा येत नाही. बिचारा! मी पोरांना म्हटलं, टनांनी खाऊन चव कळत नसेल तर त्या जेवणाला काय अर्थ? वर्ग पोट धरून हसला.

आता खरं काम. प्रदर्शनाला पालक धरून चारशे माणसं जेवायला आहेत. मुख्याध्यापकांना मी तुमचं नाव सांगून मोकळी झालेय. वांग्याची भाजी, रोडगे, वरण. नाही म्हणायचं नाही.

भावना

*

अकोला, २४ जानेवारी

मामा,

काल नितेशनं डबा आणून दिला. उघडला तर रिकामा. धुऊन पुसून, रिकामा.

आईच्या आजारपणातसुद्धा आपल्या घरातून असा डबा आला नव्हता. मी काय चुकले? जेवणाचं न विचारता सांगून टाकलं म्हणून राग आलाय का? शिव्या द्या, पण लिहा. डब्यात काही पाठवत नाही. पाठवायची भीती वाटते.

भावना

*

दर्यापूर, २५ जानेवारी

बाई भावना,
मीच लिहिते. तुहं पत्र वाचलं अन् यायचं काहीतरी बिनसलं. फोन कोठीतून काढला अन् रोहितले लावला. म्हणे एक तारखेले सकायीच ये अन् सगळं घेऊन जा, झारा बी. काय लिहिलं होतं तू? मले वाचून नाई दाखवलं. डबा यायनंच धुऊन देल्ला, मी वावरात होती.
पंचफुला

*

दर्यापूर, २८ जानेवारी

भावना,

नितेश दारात उभा राहून हॉर्न वाजवून राहिला, म्हणून लिहितो. तुह्यावर राग नाई. पण खोटं बोलाची तुले काय गरज होती?

चांदूरले भाजी कमी नोती पडली. खारट झाली होती. आता ऐक.

पोळ्याच्या टायमाले मले ताप आला होता. ताप गेला, पण जाताना नाक अन् जीभ दोन्ही घेऊन गेला. ना वास, ना चव. गूळ खाल्ला तरी मातीच. कोणाले सांगतलं नाई. सांगायची गरज बी पडली नाई, कारण मी कढईतलं कधी चाखतच नाई. अमरावतीच्या माह्या वस्तादाचा कायदा होता, आचाऱ्यानं कढईत बोट घातलं का त्याचा हात मेला. चाळीस वर्षात म्या चमचा तोंडाले लावला नाई. मसाल्याचा वास बदलला का मीठ टाकायचं, हे माहं घड्याळ. वासच नाई तं घड्याळच बंद. दोन बारके काम सवयीनं निभावले. चांदूरले मीठ टाकलं, अन् वास काही बदलला नाई म्हणून परत टाकलं.

पंगत बसाच्या आधी पंचफुलाले भूक लागली म्हणून थे भाकर-भाजी घेऊन बसली. पह्यल्या घासालेच तिनं माह्याकडं पाह्यलं. म्या तिले तोंडावर बोट ठेवाले लावलं अन् अर्धी भाजी खड्ड्यात ओतली. उरलेल्यात बिनमिठाचे वांगे घालून पुरवली, थे पुरली नाई. कमी पडली म्हणून शिव्या खाल्ल्या, पण रामरावचं मीठ चुकलं असं कोणी म्हटलं नाई. मले थेच पायजे होतं.

मंग तू डबे पाठवले. म्या वांगे पाठवले, तू म्हणे मीठ मापात. मले वाटलं हात अजून जिता हाये. सोल्यांच्या दिवशी पंचफुलाले विचारलं, थे बी म्हणे झकास. पण तिनं भाजीत दही कालवून वरून दोन लोटे पाणी पेल्लं, थे म्या दारातून पाह्यलं. मंग तुहं पत्र आलं. सोल्याचं मीठ बरोबर, अन् खाली, बिचारा, त्या जेवणाले काय अर्थ.

थो बिचारा मीच हाव, पोरी. सगळा वर्ग हसला म्हणे.

एक तारखेले टेम्पो येते. गंजाचं वाईट नको मानू.

रामराव

*

अकोला, २९ जानेवारी

मामा,

रडून झालं, आता लिहिते. उद्याच पोचेल, नितेशला तंबी दिलीय.

हो, मी खोटं बोलले. पहिल्या भाजीत मीठच नव्हतं. सोल्यांच्या भाजीनं ललितचा चेहरा असा झाला की मी दुधाचं पातेलं त्याच्यासमोर ठेवलं, ते त्यानं तसंच तोंडाला लावलं. तुम्ही दोन महिन्यांनी चूल पेटवली म्हणून मी गोड बोलले. तुम्हाला खरं सांगणारं कुणीतरी हवं होतं आणि मी तुम्हाला जावयासारखी वागणूक दिली. चुकलं माझं.

आणि तो "बिचारा" मी परत घेते. आज वर्गात उभी राहून सांगितलं, मी चुकीचं शिकवलं. चव गेली म्हणून देवमासा काही समुद्र सोडून बसलेला नाही. लाखो वर्षं जेवतोय आणि जगातला सगळ्यात मोठा प्राणी झालाय. स्पर्म व्हेलला अंधारात दिसत नाही, तर तो कानानं जेवण शोधतो. हंपबॅकला एकट्याला जमत नाही, तर तो चार जण बरोबर घेतो. वस्तादांचा कायदा नाक शाबूत असलेल्या आचाऱ्यासाठी होता. नाक नसेल तर जीभ दुसऱ्याची घ्या की! घरात एवढी खरी जीभ आहे. चांदूरची भाजी तिनं एका घासात ओळखली.

अकोल्यात नाकाचे डॉक्टर आहेत, मी विचारलं. म्हणाले, कधी कधी हळूहळू परत येतो वास, तपासायला हवं. येईल तेव्हा येईल. अठ्ठावीसला चारशे माणसं जेवणार आहेत, मामा. तुम्ही नाही आलात तर मी त्यांना सोल्यांची भाजी घालीन. रामराव आचाऱ्याच्या नावानं.

डब्यात मी केलेली वांग्याची भाजी आहे. मामीला चाखायला द्या आणि ती काय म्हणते ते जसंच्या तसं कळवा.

भावना

*

दर्यापूर, २ फेब्रुवारी

भावने,

काल रोहित आला. सकायच्या सात वाजता हॉर्न. पंचफुला गंजाच्या आत बसली होती. खरंच सांगतो, आत! म्हणे गंज धुऊन राहिली. एक तास झाला तरी धुणं सरेना. रोहित चहा पेला, परत चहा पेला. म्या म्हटलं, पंचफुला, बाहेर ये. थे म्हणे, पह्यले सांगा, अठ्ठावीसले जाता का नाई? रोहितले हसू आवरेना. शेवटी थोच म्हणे, काका, राहू द्या, मले भाड्यानं लागन तईं नेईन. मोकळा टेम्पो घेऊन गेला.

सगळं झाल्यावर ओट्यावर बसलो तं डोक्यात उजेड पडला. पाच तारखेपासून तू गंज मागून राहिली. मंग अंदाज विचारला. मंग एकेक पाहुणा पाठवला. इकून तुहे कागद, तिकून पंचफुलाच्या कोपऱ्यातल्या बारक्या ओळी. अन् मी मधात गोल-गोल फिरून राहिलो. येड्या बह्याडासारखं म्या त्या मासळीचं वाचून हसलो बी होतो! तुमी दोघींनी माह्याभोवती बुडबुडे सोडले, भावने.

येतो. पण एक अट. पंचफुला चाखन, तं पडद्यामागं. लोकायले दिसता कामा नये.

तुही भाजी तिनं चाखली. म्हणे, तेल जास्त, कूट कच्चा, अन् वांगे कोणत्या बाजारातून आणले थे विचारा. जसंच्या तसं कळवलं.

रामराव

(कोपऱ्यात) पडदा-गिडदा काही नाई. कढईजवळ खुर्ची टाकून बसीन. — मामी

*

दर्यापूर, ३ मार्च

भावने,
जय भीम.

अठ्ठावीसले तू पाहुण्यायच्या मागं होती, म्हणून चुलीकडचं तुले माहीत नाई. थे सांगतो.

पंचफुला खुर्ची टाकून बसली, थेट कढईसमोर, नवं लुगडं नेसून. हातात वाटी. चारशे माणसायची भाजी अन् ही सगळ्यायसमोर मले म्हणे, "अर्धी मूठ अजून टाका." म्या इकडं-तिकडं पाह्यलं. वस्ताद आठवला. तरी टाकलं. ही परत चाखते अन् म्हणे, "आता झालं. आता हात नका लावू." तुह्या करिश्मानं विचारलं, आजोबा, तुमी काहून नाई चाखत? म्या सांगतलं का मले चव कळत नाई. थे म्हणे, देवमाशासारखं? म्या म्हटलं हो. पोट्टी वर्गात धावत गेली अन् धा पोट्टे घेऊन आली मले पाहाले. अशी इज्जत माही कोण्या लग्नात झाली नाई.

मंग तू न सांगता बोलावलेला देवानंद आला. तुही शाबासकी करू का तुले शिव्या देऊ? तिसऱ्या पंगतीले बसला, तीनदा भाजी घेतली. हात धुवाले आला तं म्या सांगून टाकलं का चांदूरले कमी नोती पडली, खारट झाली होती, म्या ओतली. थो टावेलाले हात पुसता-पुसता म्हणे, "रामरावभाऊ, तईंच सांगतलं असतं तं दोन मण बटाटे आणून टाकले असते ना! मी चार महिने बायकोच्या शिव्या खाऊन राहिलो का तुमीच पाहुणे कमी सांगतले." अन् जाता-जाता धाकटीचं काम देल्लं, मे महिन्यात. म्हणे काकूले खुर्ची आमची.

तुह्या पोट्ट्यायनं माह्या गंजाले झाडूच्या काड्यायची झालर लावून त्यातून थर्माकोलचे दाणे गाळले, थे पाह्यलं. झकास होतं. पण गंजात अजून बी दाणे निघून राहिले, धुवाले तू ये.

डॉक्टर म्हणे रोज लवंग, लिंबू, कापूर हुंगत जा. हुंगून राहिलो. काल कापराचं जराक काही वाटलं, का म्या वाटून घेतलं, माहीत नाई.

डब्यात वरण हाये. चाखजो. मीठ कसं हाये सांगजो.

तुहा मामा,
रामराव

*

अकोला, ४ मार्च

मामा,

मीठ कमी आहे.

भावना

*

दर्यापूर, ५ मार्च

भावने,

माहीत हाये. पंचफुलानं मुद्दाम कमी टाकाले लावलं होतं. म्हणे, पाहू, पोरगी आतातरी खरं बोलते काय.

पास झाली. संग कागदाच्या पुडीत मीठ हाये, वरून टाकून घेजो. अन् उद्याच्याले डबा धाडजो, रिकामा धाडला तरी चालन, भरून मीच देतो.

रामराव